रतिबाचे खाडे

सांगलीच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असायचं. एकादशी-संकष्टी बघण्यापुरतं ते आजीचं, आणि चौकोनांतल्या रिकाम्या जागेपुरतं आईचं. त्या जागेत ती बारीक अक्षरात लिहायची: ‘दीड’, ‘अर्धा जास्त, पाहुणे’, ‘पातळ’. काही चौकोनांत नुसती एक तिरपी रेघ. ती रेघ म्हणजे खाडा. त्या दिवशी दूध आलंच नाही. पेन्सिल सुतळीनं खिळ्याला बांधलेली, कारण आम्ही भावंडं ती पळवायचो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दूधवाले मामा हिशेबाला यायचे. त्यांच्या बंडीच्या खिशात त्यांची स्वतःची वही असायची. ते उंबऱ्याशी बसायचे, आई कालनिर्णय खिळ्यावरून काढून मांडीवर घ्यायची, आणि दोन नोंदी एकमेकींशी ताडल्या जायच्या. बहुतेक जुळायचं. एखाद्या तारखेला अडायचं.

“ताई, चवदाला दिलं हुतं की.”

“नाही हो मामा. चौदाला ह्यांचे साहेब आले होते घरी. त्यांना काळा चहा द्यावा लागला, ते मी जन्मात विसरणार नाही.”

मामा मान खाजवायचे. “बरं, लिवा खाडा.” कधी डाव उलटायचा. “बावीसला तुमचंच कुलूप हुतं. दूध माघारी न्हेलं म्या.” मग आईला आठवायचं की बावीसला आपण सगळे नरसोबाच्या वाडीला गेलो होतो, आणि ती जीभ चावायची. पैसे कापले जायचे किंवा राहायचे. चहा मात्र प्रत्येक वेळी व्हायचा.

ज्या कामाचा मला आज पगार मिळतो ते काम त्या उंबऱ्यावर दर महिन्याला चालत होतं. हे कळायला मला वीसेक वर्षं आणि बऱ्याच जागलेल्या रात्री लागल्या.

पुण्यातली आमची कंपनी लहान आहे. गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. रुग्णाचं नाव लिहा, पैसे घ्या, नमुन्याच्या बाटलीवर चिकटवायचं लेबल छापा, संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर पाठवा, असं सरळ साधं काम. ‘आम्ही करतो’ असं मी सवयीनं म्हणतो. एकदा कागद घेऊन बसलो आणि यातलं आमचं किती ते लिहायला लागलो. रुग्णाचा ओटीपी पाठवते एक कंपनी. पैसे दुसरीकडून जातात. रिपोर्टच्या फाइली तिसऱ्याच्या क्लाउडवर राहतात. ईमेल चौथ्याचा, नकाशा पाचव्याचा. आमच्या वेबसाइटचं नाव टाइप केल्यावर ते कुठल्या यंत्रापाशी पोचवायचं हे सांगणारा सहावा, आणि ते यंत्र खरंच आमचं आहे असा दाखला देणारा सातवा. अशी मोजणी दहावर थांबली. दहा रतीब. सकाळी सातला मिरजेच्या एखाद्या लॅबचं शटर वर जातं तेव्हा हे दहाच्या दहा आपापल्या वाटेनं तिथं येऊन ठेपलेले असावे लागतात.

धंद्यात त्यांना थर्ड पार्टी म्हणतात. मराठीत त्याला ‘त्रयस्थ’ हा शब्द आहे, पण तो मला इथं पटत नाही. त्रयस्थ म्हणजे ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही तो. ज्याच्याविना सकाळी चूल पेटूनही चहा होत नाही, तो त्रयस्थ कसा?

लेस्ली लॅमपोर्ट या संगणकशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये सहकाऱ्यांना धाडलेल्या एका ईमेलमध्ये याची थट्टा करून ठेवली आहे. त्याचा आशय असा की, जो संगणक अस्तित्वात आहे हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं तो बिघडला की तुमचा स्वतःचा संगणक निकामी होतो, अशा रचनेला विखुरलेली यंत्रणा म्हणायचं. त्यांच्या काळी ही गंमत होती. आता रेशन दुकानापासून तलाठी कार्यालयापर्यंत तिचं मराठी भाषांतर झालं आहे: “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” कुणाचा सर्व्हर, कुठला, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं आणि ऐकणाराही विचारत नाही. पाऊस पडतोय म्हणावं तसं ते म्हटलं जातं.

पण मला विचारावं लागतं. माझं कामच ते.

रतीब लावताना प्रत्येक कंपनी एक वचन देते. ९९.९ टक्के वेळ आम्ही हजर राहू. ऐकायला हे जवळजवळ ईश्वरी वाटतं. गणित केलं तर महिन्याला ४३ मिनिटांचा खाडा यात बसतो. तेही चालेल. पण माझे दहा रतीब आहेत आणि दहापैकी एक जरी आला नाही तरी काउंटरवरचं काम अडतं. प्रत्येकाचे खाडे वेगवेगळ्या वेळी पडले असं धरलं तर दहांची मिळून हजेरी ९९ टक्क्यांवर येते, म्हणजे महिन्याला सुमारे सात तास अडलेले. यात कुणीही शब्द मोडलेला नाही. दहाही जण छातीवर हात ठेवून सांगू शकतात की आम्ही बोललो तेवढं केलं.

वचन मोडलंच तर कंपन्या बिलात थोडी सूट देतात. आईही खाड्याचे पैसे कापायची. पण साहेबांपुढं गेलेल्या त्या काळ्या चहाची भरपाई मामांच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायची?

आता, खाडा पडला हे कळायचं कसं? दूध आलं नाही की पातेलं रिकामं दिसतं. आमच्याकडं पातेलं पुण्यात, दूध आणखी कुठून, आणि पिणारा मिरजेत. यासाठी प्रत्येक कंपनी ‘स्टेटस पेज’ नावाचा एक फलक ठेवते. सेवेच्या नावापुढं हिरवा ठिपका म्हणजे सगळं ठीक. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्या ठिपक्यांवर फार विसंबलो. मग २८ फेब्रुवारी २०१७ ची हकीगत वाचली. अमेझॉनच्या क्लाउडमधलं एस-थ्री हे फाइली साठवायचं कोठार, त्याचं व्हर्जिनियामधलं ठाणं. बिलिंगची यंत्रणा संथ चालते म्हणून तिथला एक कर्मचारी काही मोजके सर्व्हर बाजूला काढत होता. आज्ञा टाइप करताना एक तपशील चुकला आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. पुढचे चार-एक तास त्या कोठारावर जगणाऱ्या असंख्य वेबसाइटी आजारी पडल्या. मला यातला लक्षात राहिलेला भाग वेगळाच आहे. अमेझॉनचा स्वतःचा स्टेटस फलक बदलण्याची सोयसुद्धा त्याच कोठारावर अवलंबून होती. पहिले दोन तास त्यांना फलकावर बिघाड दाखवताच येईना. घर जळत होतं आणि दारावरचा ठिपका हिरवागार होता.

म्हणजे मामांच्या खाड्यांची नोंद मामांच्याच गोठ्यात टांगली तर काय होईल, ते अमेझॉनला झालं. यात लबाडी कुणाचीच नव्हती. कालनिर्णय चुकीच्या भिंतीवर होतं एवढंच. तेव्हापासून आम्ही आमच्या भिंतीवर टांगतो. दर मिनिटाला आमचा एक छोटा प्रोग्राम दहाही दारांवर जाऊन हाक मारतो, ओ मिळाली की नाही ते लिहून ठेवतो, आणि किती वेळानं मिळाली तेही. हा प्रोग्राम आम्ही मुद्दाम वेगळ्या यंत्रावर ठेवला आहे. राखणदार आणि घर एकाच छपराखाली असले की छप्पर पडताना बोंब ठोकायला कोणी उरत नाही.

‘किती वेळानं’ हे मी मागाहून शिकलो. आईच्या चौकोनांतला मला सर्वांत उशिरा उमगलेला शब्द म्हणजे ‘पातळ’. खाडा सगळ्यांना दिसतो. दूध आलंय, माप पुरेपूर आहे, पण तापवून गार केल्यावर साय बोटाला धड लागत नाही, हे फक्त रोज साय काढणाऱ्या बाईला कळतं. आमच्या व्यवहारात सेवा पूर्ण बंद पडणं त्या मानानं सोपं. तुटलेलं दिसतं तरी. पैशाचा व्यवहार एरवी दोन सेकंदांत होतो तो नऊ सेकंदांवर गेला, किंवा शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांचा झटकन होतो आणि दोघांचा लटकतो, हे दुखणं वाईट. सरासरी काढली तर सगळं उत्तम दिसतं, कारण त्या दोघांचा त्रास अठ्ठ्याण्णवांत विरघळून जातो. म्हणून जाणकार सरासरीकडं बघत नाहीत, शेपटाकडं बघतात: सर्वांत जास्त ताटकळलेल्या एका टक्क्याला किती वेळ लागला? आमची सायीची तपासणी ती हीच.

आणि कळल्यावर करायचं काय? इथंही मी नवीन काही शिकलो असं मला वाटत नाही. आई साडेसहापर्यंत मामांची वाट बघायची. दर मिनिटाला मला फाटकापर्यंत पिटाळत नसे. साडेसहा झाले की कोपऱ्यावरच्या बूथवर पिशवीचं दूध आणायला पाठवायची. वाट किती पाहायची हे आधी ठरलेलं आणि नंतर कुठं जायचं तेही. आमचं नवखं सॉफ्टवेअर मात्र उत्तर आलं नाही की पुन्हा विचारायचं, पुन्हा विचारायचं, आणि अशा हजारो जणांच्या हाकांखाली आधीच धापा टाकणारी समोरची सेवा पार आडवी व्हायची. मग त्याला शिकवलं की प्रत्येक हाकेनंतर आधीपेक्षा जास्त थांब, आणि चार-पाच हाका फुकट गेल्या की काही वेळ त्या दाराला जाऊच नको. घरातला फ्यूज उडतो तसंच हे. आमच्यात त्याला सर्किट ब्रेकरच म्हणतात.

आणखी एक. आजचं दूध कालच्या उरलेल्या दुधात आई कधी ओतत नसे. आधी वेगळ्या पातेल्यात तापवायचं, नासलं नाही हे बघायचं, मगच एकत्र करायचं. आमच्या पहिल्या रचनेत नकाशा आला नाही म्हणून पावतीही छापली जात नव्हती. नकाशाचा आणि पावतीचा काय संबंध? काही नाही, दोन्ही एका पातेल्यात ओतले होते. ते वेगळं करायला मला तीन महिने लागले.

या सगळ्या शहाणपणाला एक मोठं भोक आहे, आणि सांगलीकराला ते कुणी दाखवायला नको. दहा खाडे वेगवेगळ्या वेळी पडतात असं मी वर धरून चाललो होतो. कृष्णेला पूर येतो तेव्हा असं काही धरता येत नाही. पावसाळ्यात आमच्या गावात माणसं भेटली की प्रकृती विचारायच्या आधी विचारतात, “आयर्विनला किती?” आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, “कोयनेतून किती सोडलं?” दूरवरच्या धरणाचे दरवाजे किती उघडले यावर आपल्या माजघरात कपाट उचलायचं की नाही ते ठरवणारी ही माणसं. अवलंबून असणं म्हणजे काय, ते कुठल्याही इंजिनिअरपेक्षा त्यांना जास्त कळतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आईकडं दोन सोयी होत्या, नदीपलीकडून सांगलवाडीचं दूध आणि अलीकडचं बूथ. दोन्ही एकाच सकाळी बंद झाल्या. पुरानं दोन्ही वाटा एकदम खाल्ल्या होत्या.

२० ऑक्टोबर २०२५ ला, पहिल्या आंघोळीच्या दिवशी, फराळ करून दुपारी जरा आडवा झालो तर फोन थरथरायला लागला. जगभरातल्या कितीतरी सेवा एकदम गप्प झाल्या होत्या. पुन्हा तेच व्हर्जिनिया. पत्त्यांची नोंद ठेवणारे दोन स्वयंचलित प्रोग्राम एकमेकांच्या पायात आले आणि एका मोठ्या डेटाबेस सेवेचा पत्ताच कोरा झाला. यंत्रं जिवंत होती, त्यांच्यापर्यंत जायची वाट पुसली गेली होती. एक पुरवठादार पडला तर दुसरा, अशी तजवीज अनेकांनी केली होती. पण दोघांचंही दूध त्याच पुलावरून येत होतं, हे पूल बुडेपर्यंत कुणी पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात मी आमच्या दहा रतिबांच्या यादीत एक रकाना वाढवला: ‘हा स्वतः कुणावर?’ तो अजून पुरा भरलेला नाही. भरेल असंही वाटत नाही.

मॉनिटरिंगला मराठीत काय म्हणावं, यावर ऑफिसात एकदा वाद झाला. कुणी ‘पाळत’ म्हणालं. पाळत संशयितावर ठेवतात. ‘देखरेख’ हाताखालच्या माणसावर. मला त्यातल्या त्यात ‘चौकशी’ बरा वाटला. हा शब्द मोठा गमतीचा आहे. पोलीस करतात ती चौकशी आणि आजारी माणसाच्या घरी जाऊन करतो तीही चौकशीच. एका उन्हाळ्यात मामांचे लागोपाठ तीन खाडे झाले. आईनं दोन रेघा नेहमीसारख्या मारल्या. तिसरी मारता मारता तिचा हात थांबला आणि तिनं बाबांना सायकलवर पाठवलं, “जरा चौकशी करून या.” मामांची एक म्हैस दगावली होती, दुसरी आजारी होती. दोन रेघा हा हिशेब होता, तिसरी बातमी होती. आमचा प्रोग्रामही तीन हाका फुकट गेल्याशिवाय मला उठवत नाही, पण त्याचं कारण निराळं. एकेका हाकेला उठवत बसला तर लांडगा आला रे आला होऊन मी फोन उशीखाली सारेन. तीन हा आकडा दोन्हीकडं सारखा. फरक इतकाच की रात्री अडीचला उठून मी पुरवठादाराला तक्रारीचा क्रमांक मागतो, म्हैस कशी आहे हे विचारत नाही. पलीकडंही कुणीतरी माझ्यासारखाच झोपेतून उठून बसलेला असतो.

हे सगळं मला चांगलं समजलं आहे अशा समजुतीत मी गेल्या वर्षी मिरजेला एका लॅबमध्ये गेलो. नवीन सोय दाखवायला गेलो होतो. काउंटरवरच्या ताई रुग्णांना नंबर देत होत्या. त्यांच्या पाठीमागं एका औषधवाल्यानं दिलेलं कॅलेंडर होतं आणि त्याच्या काही चौकोनांत लाल पेननं काहीतरी लिहिलेलं. ‘अ‍ॅप स्लो.’ ‘१०.४० ते ११.२५ ओटीपी नाही.’ ‘पावती दोनदा.’ मी बघतच राहिलो. त्या कॅलेंडरवर खाडे आमचे होते.

गर्दी ओसरल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढून काउंटरवर ठेवलं. एकेक तारीख ताडायला लागलो. बहुतेक जुळलं. सतराला अडलं.

“सतराला आमच्याकडं काहीच दिसत नाही ताई. दिवसभर सगळे संदेश गेलेत.”

“गेले असतील सर, आले नाहीत. मी फोनपण केला तुमच्या ऑफिसला. ते म्हणाले, आमच्याकडं सगळं हिरवं आहे.” मग त्या सांगायला लागल्या. सतराला एक आजोबा उपाशीपोटी साखर तपासायला आले होते. आठ वाजता आलेले, दहा चाळीसला नंबर लागला तेव्हा हात थरथरत होता. ओटीपी येईना. शेवटी ताईंनी त्यांचं नाव कागदावर लिहून घेतलं, रक्त काढायला पाठवलं आणि समोरच्या गाड्यावरून त्यांच्यासाठी पोहे मागवले.

उमगायला वेळ लागला नाही. ८ मार्च २०२१ ला देशभर हेच मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. व्यापारी संदेशांचा मजकूर आधी नोंदवलेल्या नमुन्याशी जुळलाच पाहिजे, या नियमाची अंमलबजावणी सुरू झाली. न जुळणारे संदेश वाटेतच गाळले जाऊ लागले, बँकांचे ओटीपीसुद्धा, आणि दुसऱ्याच दिवशी दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं ती गाळणी आठवड्यासाठी थांबवली. पाठवणाऱ्याच्या वहीत ‘पाठवला’, घेणाऱ्याच्या हातात काही नाही. हे मी लोकांना समजावून सांगत असे. आणि आमच्या स्वतःच्या भिंतीवर मी नोंद करत होतो ती संदेश कंपनीनं ‘घेतला’ म्हणाल्याची. मामा फाटकातून गेले की दूध मिळालं असं मी लिहीत होतो. पातेल्यात डोकावून कुणी पाहतच नव्हतं.

आता आमच्या ऑफिसच्या खिडकीत एक साधा, स्वस्त फोन पडलेला असतो. त्यात एक सिम आहे आणि दर पाच मिनिटांनी त्याला एक ओटीपी जातो. तो वाजला तरच आम्ही ‘आलं’ असं लिहितो. दिवसभर त्याच्या टिंगटिंगीनं सगळे वैतागतात. पण हे पुढचं.

त्या दिवशी काउंटरवर मी लॅपटॉपमध्ये सतरा तारखेच्या ओळीवर आलो आणि हिरव्याचं लाल केलं. ताई वाकून बघत होत्या. त्यांनी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं, पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं,

“मग या महिन्याचं बिल खाडे कापून पाठवताय ना?”

“कापतो,” मी म्हणालो.

“बसा मग. चहा सांगते.”